तोलणाराची साक्ष

सत्त्याहत्तरची दिवाळी सरली आणि दिल्लीहून समिती आली,
तीन माणसं, एक लघुलेखक,
घोले रोडच्या सभागृहात हिरवं कापड टाकलेलं टेबल,
आणि प्रश्न एवढाच, की आकाशवाणी कुणाची असावी.
माझं काम साक्षी ध्वनिमुद्रित करण्याचं.
फिती जुन्या, पुसून पुन्हा वापरायच्या.
त्यांवर आधी उद्घाटनांचे वृत्तांत होते,
कितीही पुसलं तरी तळाशी टाळ्या राहायच्या.

त्या दीडदोन वर्षांचं काय सांगू.
शिवाजीनगरच्या केंद्रात शब्दांची एक यादी होती,
खाली सही कुणाचीच नाही.
प्रमिला खळदकर सकाळच्या बातम्या वाचायची,
लाल पेन्सिलीनं खोडलेल्या ओळींवरून जायची
वाटेत निजलेल्या माणसाला ओलांडावं तशी.
बाजारभावातसुद्धा 'वाढले' चालत नसे.
'स्थिरावले' म्हणायचं.
ज्वारी स्थिरावली, तूरडाळ स्थिरावली,
सगळं कसं स्थिरावलं होतं.
एकदा गुळाच्या भावापाशी ती थांबली.
अकरा सेकंद.
काचेपलीकडून मी हात हलवला, तिनं पाहिलं, आणि तरी थांबली.
मी वहीत नोंद केली: तांत्रिक बिघाड.

मार्चात सरकार पडलं. केंद्रात पेढे आले.
फोन आठ दिवस गप्प होता.
नवव्या दिवशी वाजला.
आवाज नवा होता, मराठी आधीच्याहून गोड.
'आता आपलंच आहे हो सगळं,' तो म्हणाला,
'जरा सांभाळून.'

तर साक्षी.
एक प्राचार्य, दोन वकील, एक संपादक.
स्वायत्तता हा शब्द इतक्यांदा आला
की माझ्या यंत्राची सुई आधीच उठून बसायची.
येरवड्यातून सुटलेले एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटून म्हणाले,
त्यांची बाजू दोन वर्षं लावलीत,
आता आमची दोन वर्षं लावा, फिट्टंफाट!
टाळ्या पडल्या.
खालच्या टाळ्यांवर वरच्या टाळ्या बरोबर बसल्या.

चहानंतर शेवटचं नाव होतं
रखमाजी दुधाणे, तोलणार, भवानी पेठ.
टोपी काढली, पुन्हा घातली.
खिशातून रेडिओच्या परवान्याचं पुस्तक काढलं,
पोस्टाची तिकिटं डकवलेलं.
'पंधरा रुपये साल. एकही बुडवलं नाही,
म्हणून आलोय.'
पुढं जे बोलला ते फितीवर आहे, आणि ती फीत
मी अजून परत केलेली नाही.

'मला एकट्या अडत्यानं पैसे दिले तर काटा अडत्याकडं झुकतो,
एकट्या माल आणणाऱ्यानं दिले तर त्याच्याकडं.
लोखंडाला काय कळतंय, हाताला कळतं.
म्हणून दोघांकडनं घ्यायचं नि मिंधं कुणाचं व्हायचं नाही.
साला-दोन सालातून साहेब येतो, वजनं तपासतो, शिक्का मारतो.
शिक्का सरकारचाच पायजे,
नाहीतर उद्या कुणीपण दगड घेऊन बसंल.
पण शिक्का मारून साहेबानं जायचं असतं.
पारड्यापाशी खुर्ची टाकून बसला, तर ते
वजन नाही राहिलं.'

अध्यक्षांनी दुभाष्याकडं पाहिलं.
दुभाष्या म्हणाला, बाजारातल्या अडचणी सांगतोय.
लघुलेखकानं पेन्सिल तासून घेतली.
पुढं अहवाल आला तेव्हा मी पान अन् पान पाहिलं,
साक्षीदारांच्या यादीत त्याचं आडनाव दुधाने पडलं होतं,
बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी मी तारा गुंडाळत होतो,
तर हा दाराशी घुटमळलेला.
म्हणाला, ते तुमच्या बातम्या देणाऱ्या बाई,
गेल्या साली गुळावर मधीच थांबल्या होत्या बघा.
आम्ही पण थांबलो होतो सगळे.
हमालानं पोतं पाठीवर तसंच धरलं होतं.
बऱ्या हैत ना आता?

म्हटलं, विचारून सांगतो.